नेमणूक एकीकडे, तास दोन्हीकडे

सकाळी 9:45

विषम सत्र नुकतेच सुरू झाले आहे. मी शिक्षक आस्थापना कक्षात येऊन बसते, तोच टेबलावर दोन टाइमटेबल दिसतात, एक संख्याशास्त्र विभागाचे आणि दुसरे अर्थशास्त्राचे. दोन्हींत एकच नाव आहे. या सहायक प्राध्यापक मॅडमचे पद संख्याशास्त्रात मंजूर आहे. अर्थशास्त्रात अर्थमिती शिकवायला कोणी नाही, म्हणून गेल्या वर्षापासून त्या तिकडेही तास घेतात. संख्याशास्त्राने त्यांना 12 तास दिले आहेत, अर्थशास्त्राने 9. बेरीज होते 21. यूजीसीच्या 2018 च्या विनियमांत सहायक प्राध्यापकासाठी प्रत्यक्ष अध्यापनाचे प्रमाण आठवड्याला 16 तास आहे. दोन्ही विभागप्रमुखांचा कागद आपापल्या जागी बरोबर आहे. जास्तीचे पाच तास येतात ते मॅडमच्या वाट्याला, कारण दोन्ही कागद शेजारी ठेवून कोणी बघतच नाही. ते बघणे हे माझे काम.

10:30

संख्याशास्त्राच्या विभागप्रमुख सरांना फोन लावला. "अहो, पद आमचं, पगार आमच्या आस्थापनेवर. आमचे तास आधी भरू द्या." त्यांचे चूक म्हणता येत नाही. आरक्षणाच्या बिंदुनामावलीत अर्धा बिंदू नसतो. पद एकाच विभागात राहते, आणि ते रिकामे झाले तर जागाही त्याच विभागाची जाते. अर्थशास्त्राच्या विभागप्रमुख मॅडमचे म्हणणे वेगळे: "आदेशात निम्मा वेळ लिहिलाय. विद्यार्थ्यांनी विषय निवडला, आता शिकवणार कोण?" त्यांचेही खरे आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यार्थी दुसऱ्या शाखेचे विषय घेऊ लागले आहेत, पण पदे मात्र जुन्या विभागांतच अडकलेली आहेत.

नस्ती काढून दोन विभागांत काम देणारा मूळ आदेश पाहिला. चार ओळींचा आहे. परीक्षेचे काम, प्रवेश समिती, रजा कोणी मंजूर करायची, स्वयंमूल्यमापन अहवालावर सही कोणाची, यांपैकी एकही गोष्ट त्यात नाही.

12:00

सहायक प्राध्यापक मॅडम स्वतः आल्या. मीच बोलावले होते. तक्रार करायला त्या तयार नव्हत्या, आणि त्याचे कारण मला समजते. दोन विभागप्रमुखांपैकी एकालाही दुखावणे त्यांना परवडणारे नाही. दोन्ही विभागांच्या बैठका बुधवारी तीनला असतात. एकीकडे हजर राहिल्या की दुसरीकडे गैरहजेरी लागते. पीएचडीच्या जागांचेही तसेच. सहायक प्राध्यापकाला एका वेळी जास्तीत जास्त 4 विद्यार्थी घेता येतात, आणि ही मर्यादा माणसाची आहे, विभागाची नाही. दोन्ही विभागांनी यंदा त्यांच्या नावावर प्रत्येकी 3 जागा दाखवल्या आहेत. म्हणजे प्रवेशाची मुलाखत देऊन आलेली दोन मुले मार्गदर्शकाविना राहणार. त्या मुलांची मला जास्त काळजी वाटते. मॅडमना निदान नोकरी तरी आहे.

संशोधन विभागाला लगेच पत्र पाठवले: जागा एकत्र मोजाव्यात.

1:30

डबा. जेवताना आज कोणाशी बोलले नाही.

दुपारी 2:15

आजचे सर्वांत अवघड काम आता. दुसऱ्या एका सरांची कॅसची, म्हणजे बढतीच्या योजनेची फाइल आहे. पद संगणकशास्त्रात, पण गेली काही वर्षे निम्मे काम भाषाविज्ञानात. मराठी मजकूर संगणकाला कसा वाचता येईल यावर त्यांचे सात स्वतंत्र शोधनिबंध आहेत. सहयोगी प्राध्यापकपदावर बढतीसाठी किमान संशोधनगुण लागतात 70. यूजीसीच्या तक्त्यात एका निबंधाला विज्ञानशाखेत 8 गुण आहेत आणि भाषा, मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रांत 10. प्रभावांकाचे जादा गुण बाजूला ठेवले, तर हेच सात निबंध एका रकान्यात 56 होतात आणि दुसऱ्यात 70. माणूस तोच, काम तेच. निवड समितीत विषयतज्ज्ञ कोणत्या विषयाचा बोलवायचा, हा प्रश्न पुन्हा वेगळा.

मूळ पदाची शाखा धरावी, असा नियमाचा सरळ अर्थ मी लावते आणि टिपणीत तसे लिहिते. पण त्याखाली माझे मतही लिहिते: ज्या विभागाने या सरांकडून इतकी वर्षे शिकवून घेतले, त्याने आता गप्प बसू नये. भाषाविज्ञानाच्या विभागप्रमुखांचा लेखी अभिप्राय फाइलला जोडल्याशिवाय ती समितीपुढे जाऊ नये. शिक्षकाला दुसऱ्या विभागात पाठवायचा निर्णय विद्यापीठाचा, तर त्याची किंमत बढतीच्या वेळी एकट्या शिक्षकाने का मोजावी?

4:00

अधिष्ठात्यांच्या दालनात संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्राचे दोघेही प्रमुख समोरासमोर. सुरुवातीला आवाज चढले. मी दोन्ही टाइमटेबल एकाच तक्त्यात मांडून नेली होती. बुधवारचा रकाना पाहून संख्याशास्त्राचे सर जरा थांबले. त्यांना इतके दिवस दुसरा कागद दिसलेलाच नव्हता. मग भराभर ठरले: 9 तास इकडे, 7 तिकडे. अर्थशास्त्राचे उरलेले दोन तास तासिका तत्त्वावर. रजा मूळ विभाग मंजूर करेल आणि त्याच दिवशी दुसऱ्याला कळवेल. परीक्षेचे काम एका सत्रात एकाच विभागाचे. अहवालावर दोघांचाही अभिप्राय. मॅडमचे नाव शिक्षकसंख्येत दोन्ही विभाग मोजत होते. ते आता मूळ विभागातच मोजले जाईल. अर्थशास्त्राच्या मॅडमनी बैठक आपणहून शुक्रवारवर नेली.

5:30

कार्यालयीन आदेश टाइप झाला. यावेळी तो दोन पानांचा आहे, आणि मॅडमनी वाचून सही केल्याशिवाय तो जावकला जाणार नाही, असे मी लिपिकाला सांगून ठेवले आहे. पुढच्या भरतीत दोन विभागांना मिळून एक पद मागण्याचा प्रस्ताव आला आहे. त्यावर माझी टिपणी उद्या कुलसचिवांकडे जाईल: तासांची विभागणी, मूळ विभाग आणि बढतीसाठीची शाखा जाहिरातीतच छापावी. अर्ज करणाऱ्याला ती आधी वाचता आली पाहिजे.