लाजाळूने लाजणं सोडलं तेव्हा...

पावसाळ्यात कोकणातल्या रस्त्याच्या कडेने चालायला लागलं, की दहा मिनिटांच्या वाटेला आपल्याला अर्धा तास लागतो. कारण लाजाळू! एका पानाला बोट लावावं, ते मिटेस्तोवर शेजारचं खुणावतं. मग त्याला. मग पलीकडच्याला. शेवटी मोठं कुणीतरी ओरडतं, "अरे, पाय उचला!"

पण एक सांगा, त्याच पानाला पुन्हा पुन्हा डिवचत राहिलं तर? लाजाळू दर वेळी लाजेल, की कधीतरी म्हणेल, "चल रे, तुझं रोजचंच आहे"?

आधी ती मिटते कशी ते पाहू. पानाचा देठ जिथे फांदीला चिकटतो, तिथे नीट बघा. बाजरीच्या दाण्याएवढी फुगीर गाठ दिसेल. अशाच आणखी बारीक गाठी चिंचेसारख्या त्या इवल्या पानांच्याही बुडाशी असतात. गाठीतल्या पेशी पाण्याने टम्म भरलेल्या. बोट लागलं, की विजेचा अगदी सूक्ष्म संदेश पानातून धावतो, एका बाजूच्या पेशींमधून पोटॅशियम बाहेर पडतं आणि त्याच्या मागोमाग पाणी. फुग्यातली हवा गेल्यासारखी ती बाजू लुळी पडते आणि देठ खाली मान टाकतो. म्हणजे लाजबीज काही नाही, सगळा पाण्याचा खेळ! हे विजेचे संदेश आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी शंभरेक वर्षांपूर्वी कोलकात्यात, स्वतः तयार केलेल्या उपकरणांनी मोजले होते.

बरं, हा खटाटोप कशासाठी? जपानमधल्या साइतामा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी एक युक्ती केली. त्यांनी न मिटणारी लाजाळू तयार केली आणि दोन्ही प्रकारच्या झाडांवर टोळ सोडले. टोळांनी न मिटणाऱ्या झाडांवर जास्त ताव मारला. 2022 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. खाता खाता पान एकदम मिटलं, तर टोळाची पंचाईत होणारच.

पण मिटणं फुकट नसतं. पान मिटलं की ऊन कमी मिळतं, आणि ऊन कमी म्हणजे जेवण कमी. जरा खुट्ट झालं की शटर ओढणारा दुकानदार आठवा. चोर येणार नाही, हे खरं. पण गिऱ्हाईक तरी कसं येणार?

मग खोट्या धोक्याने सारखं डिवचलं, तर लाजाळू काय करते? सुमारे दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये देफोंतेन नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या सांगण्यावरून लाजाळूची रोपं चक्क घोडागाडीत घालून शहरभर फिरवली गेली! दगडी रस्ते, लाकडी चाकं, खडखडाट नुसता. पहिल्याच हिसक्याला सगळी रोपं मिटली. आणि थोड्या वेळाने, गाडी तशीच खडखडत असताना, एकेक पान उघडायला लागलं. मला तर ही गोष्ट फार आवडते. गाडीत बसून पानांवर डोळे रोखून बसायचं काम कुणी मला दिलं असतं, तर मी शाळा बुडवून गेलो असतो.

मग 2014 साली वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातल्या मोनिका गॅलियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच मोजूनमापून केलं. घोडागाडीऐवजी त्यांनी कुंड्या खाली सोडणारं एक यंत्र वापरलं. कुंडी 15 सेंटिमीटरवरून, म्हणजे तुमच्या कंपासमधल्या पट्टीच्या उंचीवरून, धप्प! खाली मऊ गादी, त्यामुळे इजा काही नाही. पाच सेकंदांनी पुन्हा धप्प. असं 60 वेळा. पहिल्या धप्पला पानं मिटली. पण चार-पाच-सहा धप्प झाल्यावर काही रोपं उघडायलाही लागली, आणि शेवटी शेवटी तर ढिम्म!

तुम्ही म्हणाल, दमली असतील बिचारी. गॅलियानोबाईंनाही ती शंका होतीच. म्हणून त्यांनी ढिम्म रोपं उचलून गदागदा हलवली. झटकन मिटली! म्हणजे मिटायचा जोर शिल्लक होता. पुन्हा धप्प केलं, तर पुन्हा ढिम्म. आणि मधे तब्बल 28 दिवस जाऊ दिले, तरी धप्पला ती दाद देईनात.

मानसशास्त्रात याला 'हॅबिच्युएशन' म्हणतात. आपण म्हणतो अंगवळणी पडणं. रेल्वेलाइनला लागून घर असलेली माणसं लोकलच्या धडधडाटात घोरत पडतात आणि पाहुणा मात्र रात्रभर टक्क जागा. पण पाहुण्याला मेंदू आहे. लाजाळूला कुठाय?

इथेच भांडण आहे. काही शास्त्रज्ञ म्हणतात, याला शिकणं म्हणू नका. दमून बसलेला माणूसही मागे कुत्रं लागलं की पळतोच ना? मग हलवल्यावर पानं मिटली, यातून दमणूक नव्हती असं कुठे सिद्ध होतं? मला हा मुद्दा बिनतोड वाटतो. शिवाय याच बाईंनी पुढे 2016 मध्ये दावा केला, की पंख्याचा वारा आणि उजेड यांची सांगड घालायला वाटाण्याची रोपं शिकतात. 2020 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका संशोधकाने जास्त रोपं घेऊन तसाच प्रयोग केला, तर त्याला तसं काहीच दिसलं नाही. वाटाणे नापास! पण ते 28 दिवस मात्र माझ्या डोक्यातून जात नाहीत. महिनाभर कोण दमलेलं राहतं?

मी आणि माझ्या भाच्याने हा प्रयोग घरी करून पाहिला. कुंडी आपटायला ताईने साफ नकार दिला, म्हणून ड्रॉपरने एकाच पानावर पाण्याचे थेंब टाकायचं ठरलं. मोजायचं काम भाच्याकडे. पहिला थेंब, पान मिटलं. मग ते उघडायची वाट बघत बसलो. दुसरा थेंब, पुन्हा मिटलं. सातव्या थेंबापर्यंत लाजाळू काही कंटाळली नव्हती. भाचा मात्र वही टाकून खेळायला पळाला होता.