विमान रिझर्व्हला टाकताना

जुनी बाईक चालवली असेल तर हे तुम्हाला माहीत असेल. चालता चालता इंजिन गचके खायला लागतं. आपण डावा हात मांडीखाली घालतो, कॉक चाचपडतो आणि गाडी रिझर्व्हला टाकतो. मी हे चक्क घाटात केलंय, मागून ट्रक हॉर्न मारत असताना! आता विचार करा, तो कॉक तुमच्या खांद्यामागे असता तर? आणि तुम्ही हवेत असता तर?

१२ ऑक्टोबर १९९७. कॅलिफोर्नियातलं मॉन्टेरे. 'टेक मी होम, कंट्री रोड्स' गाणारा जॉन डेन्व्हर आपलं छोटं विमान घेऊन निघाला. वय ५३, विमान चालवण्याचा २,७०० तासांहून जास्त अनुभव. म्हणजे नवशिका अजिबात नाही. पण हे 'लाँग-ईझी' विमान त्याच्यासाठी नवं होतं, नुकतंच घेतलेलं.

आता इथे जरा थांबूया. हे विमान कारखान्यात नाही, एका हौशी माणसाने आराखड्यावरून बनवलेलं. पंखांमध्ये दोन टाक्या, डावी आणि उजवी. एक संपत आली की कॉक फिरवून दुसरीवर जायचं. मूळ आराखड्यात हा कॉक वैमानिकाच्या हाताशी होता. बनवणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेला, कारण इंधनाची नळी त्याला कॉकपिटमध्ये नको होती. कॉकवर कुठलीही खूण नाही. इंधन किती उरलंय ते दिसायचं मागच्या सीटजवळ, आणि तिथेही आकडे नाहीत.

कॉकपर्यंत हात पोचत नाही, हे उड्डाणाआधीच लक्षात आलं होतं. मेकॅनिकने पकड लावून पाहिली, जमलं नाही. मागचं दिसावं म्हणून त्याने छोटा आरसा दिला. इंधन भरायचं का? डेन्व्हर म्हणाला, तासभरच उडणार आहे, गरज नाही.

धावपट्टीवर चाकं टेकवून पुन्हा उडायचा सराव त्याने तीनदा केला. मग पॅसिफिक ग्रोव्हच्या किनाऱ्याजवळ लोकांना इंजिनाचा आवाज मंदावल्यासारखा वाटला. विमान उजवीकडे कललं आणि नाक खाली करून समुद्रात कोसळलं. डेन्व्हर एकटाच होता. तो वाचला नाही.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने तपास केला. त्या कॉकला हात घालायचा तर उजव्या हातातली दांडी सोडायची आणि अख्खं अंग डावीकडे मागे वळवायचं. करून बघा, खुर्चीत बसून! वळताना आधारासाठी उजवा पाय आपोआप पुढे दाबला जातो. विमानात त्या पायाखाली रडरचं पेडल असतं. ते दाबलं गेलं आणि ताबा सुटला, असा निष्कर्ष निघाला. इंधन न भरणं, कॉकची जागा आणि नव्या विमानाचा अपुरा सराव, हीसुद्धा कारणं नोंदवली गेली.

अमेरिकेत नियम आहे: दिवसा स्वच्छ हवेत उडतानाही, ठिकाणावर पोचून ३० मिनिटं पुरेल इतकं जास्तीचं इंधन हवंच. ते फक्त अंतरासाठी नसतं. ते असतं विचार करायला वेळ मिळावा म्हणून.

घाटात माझं इंजिन बंद पडलं असतं, तर मी गाडी कडेला घेतली असती. आकाशाला कड नसते. म्हणून 'भागेल एवढ्यात' हा हिशोब जमिनीवरच तपासायचा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आणि हो, टाकी बघून निघा!