दुकान गुगलचे, माल दुसऱ्याचा

१ मार्च २०२४ रोजी ‘शादी डॉट कॉम’, ‘भारत मॅट्रिमोनी’, ‘नोकरी’ आणि मराठीतूनही ध्वनिपुस्तके ऐकवणारे ‘कुकू एफएम’ अशी अनेक भारतीय ॲप्स गुगलच्या ‘प्ले स्टोअर’वरून दिसेनाशी झाली. ज्यांच्या फोनमध्ये ती आधीपासून होती त्यांचे काम अडले नाही. नव्या ग्राहकाला मात्र दार बंद झाले. ऐन लग्नसराईत वधूवर सूचक मंडळाला टाळे लागावे, तसाच हा प्रकार. केंद्र सरकारने मध्यस्थी केली आणि ५ मार्चला ॲप्स परत आणण्याचे ठरले. या बड्या कंपन्यांपाशी वकील होते, मंत्र्यांपर्यंत पोहोच होती. महापे वा ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये मूठभर माणसांच्या बळावर ॲप बनवणाऱ्या उद्योजकाने अशा वेळी कोणाकडे धाव घ्यावी?

मूळ वाद शुल्काचा. ॲपमधून विकल्या जाणाऱ्या डिजिटल सेवांवर गुगल १५ ते ३० टक्के शुल्क घेत असे आणि पैसे आपल्याच यंत्रणेतून भरले जावेत, असा तिचा आग्रह होता. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑक्टोबर २०२२ रोजी ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावून हा आग्रह अमान्य केला. गुगलने मग पर्यायी यंत्रणेला वाव दिला. शुल्क मात्र चारच टक्क्यांनी उतरवले. म्हणजे तिजोरी दुसऱ्याची, तरी ११ ते २६ टक्के वाटा दुकानदाराचाच! कंपन्यांनी तो देण्यास नकार दिला. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम संरक्षण नाकारले आणि तीन आठवड्यांत कारवाई झाली.

करारापुरते पाहिले तर गुगलची बाजू भक्कम आहे. नियम मोडणाऱ्याचे ॲप हटवण्याचा अधिकार विकसकाने स्वतःच मान्य केलेला असतो आणि फसव्या वा घातक ॲप्सपासून ग्राहकाला वाचवण्यासाठी तो आवश्यकही आहे. परंतु २००२ च्या स्पर्धा कायद्याचे कलम ४ करारापाशी थांबत नाही. बाजारात वर्चस्व असणे हा गुन्हा नव्हे. त्याचा दुरुपयोग हा गुन्हा. अँड्रॉइड फोनवर अन्य मार्गांनीही ॲप घेता येते, हे खरे. पण धोक्याच्या सूचना ओलांडून तसे करणारे ग्राहक किती? फेब्रुवारी २०२४ मध्येच ‘फोनपे’ने ‘इंडस ॲपस्टोअर’ सुरू केले, ते याच अडचणीवर बोट ठेवून.

ॲप हटवणे आणि विकसकालाच हद्दपार करणे यांत फरक आहे, हे अमेरिकेतील एका खटल्यात स्पष्ट झाले. ऑगस्ट २०२० मध्ये ॲपलने ‘एपिक’ कंपनीचा ‘फोर्टनाइट’ हा खेळ काढून टाकला. तो परत ठेवण्याचा अंतरिम आदेश देण्यास न्यायालयाने नकार दिला. मात्र त्याच कंपनीच्या ‘अनरियल इंजिन’ या साधनाशी निगडित खाते बंद करण्यास ॲपलला मनाई केली. त्या साधनावर इतर असंख्य खेळ अवलंबून होते. एकाच्या भांडणात त्यांना भरडणे न्यायालयाला मान्य नव्हते.

इकडे मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने गुगलचा दंड २१६.६९ कोटींवर आणला. दुरुपयोगाचा ठपका मात्र पूर्णपणे पुसला नाही. त्याविरुद्धची अपिले सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सुनावणीसाठी स्वीकारली.