खरखर घरात की बाहेर?

पाऊस लागला, की कित्येक घरांतले तारेचे फोन खरखरू लागतात. दवाखान्यातून निरोप येतो. "गोळी बंद करा" म्हणाले, की "बंद करू नका"? एका 'नका'वर माणसाचा जीव असतो, आणि नेमका तोच खरखरीत बुडतो. डोंगराआड मोबाईलला रेंज नाही, तिथे तर या फोनचाच आधार.

आमच्याकडे असेच झाले. फोन जुना झाला असे समजून आम्ही नवा आणला. खरखर तशीच! दोष भिंतीवरच्या डबीत होता. पैसे मात्र गेले.

असे का होते? एक्स्चेंजपासून आपल्या घरापर्यंत तांब्याच्या दोन बारीक तारा येतात. त्यांतून सुमारे ४८ व्होल्टांची वीज येते. म्हणून गावची वीज गेली तरी साधा फोन चालतो. आपला आवाज याच विजेबरोबर जातो. जोड सैल असला, की वीज अडखळते. तीच खरखर.

ओल हा दुसरा शत्रू. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले, तर ते कळकते ना? भांड्याला हिरवट डागही पडतात. तसाच हिरवा थर ओलीने तारेच्या टोकाला चढतो. मग तार जोडलेली दिसते, पण वीज नीट जात नाही.

आता खरखर ओळखू या. फोन उचला आणि एकच आकडा दाबा. "टूऽऽ" आवाज थांबेल. मग शांत वाटले पाहिजे. खरखर ऐकू आली, तर दोरी हलवून पाहा. हलवताना आवाज कमी-जास्त झाला, तर दोरी किंवा तिची पिन खराब. दोरी स्वस्तात मिळते.

तसे नसेल, तर तार घरात शिरते तिथली पहिली डबी शोधा. तिथून घरात गेलेली वायर सोडवा आणि फोन थेट त्या डबीलाच लावा. कोणती तार कोणत्या स्क्रूला होती, ते आधी कागदावर लिहून ठेवा. आता लिहिता येते ना आपल्याला! खरखर गेली, तर दोष घरातल्या वायरीत किंवा पुढच्या डबीत. तिथली काळी-हिरवी टोके कापा, नवी टोके सोला, स्क्रू घट्ट आवळा. डबीत तेल घालू नका. काहीजण घालतात, त्यावर धूळ बसते.

मात्र हात कोरडे हवेत. पेचकस प्लास्टिकच्या मुठीचा घ्या. एका वेळी एकच तार धरा. मध्येच कोणाचा फोन आला, तर घंटीसाठी तारेत ७५ व्होल्टांच्या आसपास वीज येते आणि चांगलाच झटका बसतो. विजा चमकत असतील, तर तारेला आणि फोनलाही हात लावू नका.

पहिल्या डबीलाही खरखर राहिली, तर दोष बाहेरचा. खांबावर चढू नका. ते काम लाइनमनचे. तक्रार करताना नुसते "फोन बिघडला" म्हणू नका. "पहिल्या डबीला फोन लावून पाहिला, तरी खरखर आहे," असे सांगा. म्हणजे तो घरात शोधत बसणार नाही. तक्रारीचा नंबर आणि तारीख त्याच कागदावर टिपून ठेवा.