कॅमेरा घेतला म्हणजे काम सुरू झालं, असं नसतं

बारावी झाली की मुलगा म्हणतो, "अब्बा, कॅमेरा घेऊन द्या," आणि घरात दोन तट पडतात. आम्ही शाळेत शिकवतो, त्यामुळे अशी मुलं वरचेवर भेटतात. त्यातली काही आज निकाह-वलिम्याच्या ऑर्डरींवर घर चालवतात. त्यांच्याकडे पाहून समजलेलं पालकांसाठी लिहितो आहोत.

महागड्या कॅमेऱ्याची घाई करू नका. आधी एखाद्या स्टुडिओवाल्याच्या हाताखाली एक सीझन काढू द्या. कॅमेऱ्यासोबत मिळणारी लेन्स 55 एमएमवर 5.6 अपर्चरपर्यंतच उघडते. 50 एमएमची 1.8 अपर्चरवाली साधी लेन्स तिच्या जवळपास दहापट उजेड आत घेते. शादीखान्याच्या अंधुक उजेडात फरक पडतो तो इथे. आणि ईजाब-कबूल पुन्हा होत नाही, म्हणून जादा बॅटरी, दोन कार्ड आणि त्याच रात्री फोटोंची दुसरी कॉपी, ही सवय हवीच.

पण खरा प्रश्न भरवशाचा आहे. जनान्यातले फोटो परवानगीशिवाय इन्स्टाग्रामवर टाकले, तर गाव पुन्हा दारात उभं करत नाही. कायदाही माहीत असावा: 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालकी हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणून अ‍ॅडव्हान्स, फोटो देण्याची तारीख आणि कुठले फोटो जाहिरातीला वापरायचे, हे आधीच कागदावर घ्यावं. बायकांच्या बाजूला फोटोग्राफर बाईच हवी, असं अनेक घरं म्हणतात. मुलीला हे काम शिकवायला काय हरकत आहे?

कमाई सारखी नसते. रमजानमध्ये निकाह जवळपास नसतात, पावसाळ्यातही काम थंड. तेव्हा पासपोर्ट फोटो, शाळांची ओळखपत्रं, दुकानांच्या मालाचे फोटो यावर भागवावं लागतं.

शिक्षण सोडायची गरज नाही. दानिश सिद्दीकी यांनी जामियातून अर्थशास्त्र आणि नंतर मास कम्युनिकेशन केलं, टीव्हीवर बातमीदारी केली आणि 2010 मध्ये रॉयटर्समध्ये इंटर्न म्हणून कॅमेरा हाती घेतला. रोहिंग्या निर्वासितांच्या फोटोंसाठी 2018 चं पुलित्झर ज्या टीमला मिळालं, त्यात ते होते.

रेट ठरवताना मुलं फक्त निकाहाचा दिवस मोजतात. निवड, एडिटिंग आणि अल्बमचे पुढचे आठ-दहा दिवसही त्यात धरायला सांगा.