पर्जन्यजल उपसा पंप, सुवाह्य

सखल भागात साचलेले पावसाचे पाणी उपसून नाल्यात, नदीत किंवा समुद्रात सोडण्यासाठी वापरण्यात येणारे, जागोजागी नेता येण्यासारखे पंप. हे बहुधा केंद्रोत्सारी प्रकारचे व डीझेल एंजिनावर चालणारे असतात. कारण पुराच्या वेळी वीजपुरवठ्याचा भरवसा नसतो.

पंप पाणी ओढतो, ही समजूत बरोबर नाही. तो चूषण नळीतील दाब कमी करतो व बाहेरील वातावरणाचा दाब पाणी वर ढकलतो. म्हणून समुद्रसपाटीला चूषण उंची सिद्धांततः सु. १०.३ मी. पेक्षा अधिक असू शकत नाही; व्यवहारात ती ६ ते ७ मी. च मिळते. सांध्यातून हवा शिरल्यास किंवा नळीच्या तोंडाची जाळी प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी तुंबल्यास एंजिन चालू असूनही पाणी चढत नाही.

१ हेक्टर क्षेत्रावर ताशी २५ मिमी. पाऊस पडल्यास तासाला २५० घ. मी. पाणी जमते. मुंबईची जुनी पर्जन्यजल गटारे एवढ्याच पावसासाठी, तीही ओहोटी गृहीत धरून, आखलेली होती. भरतीत त्यांपैकी अनेकांची मुखे समुद्रपातळीखाली जातात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला. त्यानंतर हाजी अली, इर्ला इ. ठिकाणी मोठी स्थायी उदंचन केंद्रे उभारण्यात आली. दादर-परळ भागातील हिंदमातासारख्या बशीच्या आकाराच्या जागी मात्र सुवाह्य पंप लावले, तरी तुडुंब गटारात सोडलेले पाणी फिरून तेथेच येते. म्हणून तेथे पुढे भूमिगत टाक्या बांधण्यात आल्या. पंपांनी त्यांत साठविलेले पाणी ओहोटीच्या वेळी समुद्राकडे सोडता येते.