क्लोज्ड-एंड उत्पन्न फंडाची वित्तीय विवरणे : वाचन आणि अन्वयार्थ

प्रस्तावना :
निवृत्तीनंतर नियमित रक्कम हाती यावी, या अपेक्षेने अमेरिकेतील अनेक गुंतवणूकदार क्लोज्ड-एंड उत्पन्न फंडांकडे वळतात. असा फंड सामान्यतः प्रारंभी एकदाच भाग विकून भांडवल उभारतो. पुढे त्या भागांचे व्यवहार शेअर बाजारात होतात; म्हणून बाजारभाव निव्वळ मालमत्ता मूल्याहून कमी वा अधिक असू शकतो. गुंतवणूकदाराला प्रथम भुरळ पडते ती वितरणाच्या दराची. परंतु वितरण म्हणजे उत्पन्न नव्हे. हा भेद विवरणांतून कसा ओळखावा, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवरणांचे स्वरूप :
‘इन्व्हेस्टमेंट कंपनी ॲक्ट, १९४०’ नुसार फंडाला भागधारकांसाठी सहामाही व वार्षिक अहवाल द्यावे लागतात. त्यांतील पुढील विवरणे महत्त्वाची होत.

१) मालमत्ता व दायित्वांचे विवरण : यावरून निव्वळ मालमत्ता आणि कर्जाचा भार समजतो.
२) कामकाजाचे विवरण : व्याज व लाभांश यांतून खर्च वजा जाता निव्वळ गुंतवणूक उत्पन्न उरते. रोख्यांच्या भावातील नफा-तोटा त्यानंतर स्वतंत्रपणे दाखविला जातो.
३) निव्वळ मालमत्तेतील बदलांचे विवरण : एकूण वितरण किती आणि त्यात भांडवलाची परतफेड किती, हे येथे पाहावे.
४) वित्तीय ठळक बाबी : प्रतिभाग आकडे साधारणतः पाच वर्षांसाठी शेजारी-शेजारी दिलेले असतात.

उदाहरण :
एका काल्पनिक फंडाचे प्रतिभाग मालमत्ता मूल्य वर्षारंभी १५.०० डॉलर आहे. निव्वळ गुंतवणूक उत्पन्न ०.९० डॉलर, भावातील तोटा ०.४० डॉलर आणि वितरण १.२० डॉलर झाले. वर्षअखेरचे मूल्य १४.३० डॉलर उरते. बाजारभाव १२ डॉलर असल्यास वितरणाचा दर १० टक्के दिसतो. प्रत्यक्षात फंडाची कमाई ०.५० डॉलरच आहे, उर्वरित ०.७० डॉलर गुंतवणूकदाराच्याच मुद्दलातून त्याला परत मिळाले.

तथापि भांडवलाची परतफेड ही करविषयक वर्गवारी असल्याने ती प्रत्येक वेळी ऱ्हासाची खूण ठरत नाही. भाव वाढलेले रोखे न विकता वितरण केले, तरीही ही नोंद येऊ शकते. म्हणून मालमत्ता मूल्य अनेक वर्षे सातत्याने घटत आहे काय, हा खरा निकष होय. वितरण संचित उत्पन्नाव्यतिरिक्त अन्य स्रोतातून झाल्यास कलम १९(अ) नुसार भागधारकास लेखी सूचना द्यावी लागते. तीतील आकडे मात्र बहुधा अंदाजित असतात.

कर्जाचा परिणाम :
अनेक फंड कर्ज काढून अधिक रोखे घेतात. कायद्यानुसार कर्ज उभारताना मालमत्तेचे आच्छादन किमान ३०० टक्के, तर अग्रहक्क भागांसाठी २०० टक्के असावे लागते. अल्पमुदतीचे व्याजदर वाढल्यास कर्जावरील खर्च वाढून निव्वळ उत्पन्न आक्रसते. शिवाय व्यवस्थापन शुल्क अनेकदा कर्जासह एकूण मालमत्तेवर आकारले जाते. यास्तव खर्चाचे प्रमाण व्याजासह आणि व्याजाविना, असे दोन्ही प्रकारे तपासावे.

निष्कर्ष :
भारतात सेबीने ५ ऑक्टोबर २०२० च्या परिपत्रकाद्वारे म्युच्युअल फंडांच्या लाभांश पर्यायाचे नाव १ एप्रिल २०२१ पासून ‘इन्कम डिस्ट्रिब्यूशन कम कॅपिटल विथड्रॉवल’ असे करावयास लावले. हाती आलेल्या रकमेत स्वतःचेच भांडवल असू शकते, हे त्या नावातूनच सूचित होते. क्लोज्ड-एंड फंडात ते नावातून कळत नाही. विवरणांतून शोधावे लागते. उदरनिर्वाहासाठी या रकमेवर विसंबणाऱ्याने वितरणाच्या दराआधी निव्वळ उत्पन्न आणि मालमत्ता मूल्याची वाटचाल तपासणे आवश्यक ठरते.